मदत हवी आहे: बक्षिसाच्या उंबरठ्यावर राण्यांची जोडी टाकायची का?

नमस्कार मंडळी, पोकर टूर्नामेंट खेळायला लागून वर्ष होत आलंय. सुरुवातीला बरा टिकतो, पण दमदार पानं आली की ती सोडवत नाहीत, आणि बहुतेक वेळा तिथेच माझा निकाल लागतो. कालचाच हात घ्या.

२९ जण उरलेले, बक्षीस २७ जणांना. ब्लाइंड (दोघांनी दर हाताला सक्तीने लावायच्या चिप्स, स्मॉल आणि बिग) १,०००/२,०००, वर बिग ब्लाइंडने भरायचा २,००० अँटी, तोही सक्तीचाच. मी बटणावर (पानं वाटणाऱ्याच्या जागेवर), ४४,००० चिप्स, म्हणजे २२ बिग ब्लाइंड. पहिल्या जागेवरच्या मोठ्या स्टॅकवाल्याने ४,५०० चा रेझ केला, म्हणजे बोली वाढवली. त्याच्या शेजारच्याने ६०,००० ऑल-इन ढकलले, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. हा गृहस्थ तासाभरात दोनदाच पॉटमध्ये (मधल्या चिप्ससाठी) उतरलेला. चिप्स ढकलून पाण्याची बाटली उघडली आणि निवांत बसला. मधल्यांनी पानं टाकली. मी कोपरा उचलून पाहिलं तर दोन राण्या.

टेबलावर दोघांकडे जेमतेम तीन-तीन ब्लाइंड उरलेत, म्हणजे ते माझ्याआधी बाहेर जायची शक्यता, हेही दिसत होतं. पण २२१ हातांत एकदा येणाऱ्या राण्या टाकायच्या कशा? कॉल केला, म्हणजे माझ्याही सगळ्या चिप्स लावल्या. रेझवाल्याने पानं टाकली, समोर राजांची जोडी. मी २९ वा.

राण्या, गुलाम, एक्का-राजा कधी टाकायचे याचा काही हिशेब असतो, की नुसता अंदाज?

प्रतिसाद १

हिशेब आहे. पॉटमध्ये तुझ्या वाट्याला लागू असलेले ५३,५०० होते, तुला घालायचे ४४,०००. म्हणजे निदान ४५ टक्के जिंकायला हवं. आता हा बाटलीवाला काय घेऊन ढकलेल? एक्के, राजे, राण्या आणि एक्का-राजा एवढंच धरू. दोन राण्या तुझ्याकडे असल्याने एक्क्यांचे ६ कॉम्बो (दोन पानांचे शक्य मेळ), राजांचे ६, राण्यांचा १, एक्का-राजाचे १६. मोठ्या जोडीपुढे तू जेमतेम १८-१९ टक्के, एक्का-राजापुढे साधारण ५६. सरासरी ४० च्या आसपास येते. नुसत्या चिप्सच्या हिशेबानेही फोल्ड, म्हणजे पानं टाकायची! त्याच्या रेंजमध्ये (शक्य हातांत) गुलामांची जोडीही धरली तर ४७ होतात, पण बबलवर (बक्षिसाच्या उंबरठ्यावर) तेवढ्याने भागत नाही. हरलास तर बाहेर, आणि जिंकलास तरी दुप्पट चिप्सची किंमत दुप्पट होत नाही. आयसीएम (चिप्सची बक्षिसाच्या पैशांतली किंमत काढायचा हिशेब) म्हणतात ते हेच. वर मोठा स्टॅकवाला अजून बोलायचा होता, तो धोका मी धरलेलाच नाही.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण एक भीती वाटते. हे वाचून लोक सगळीकडेच राण्या टाकायला लागतात. हाच हात पहिल्या लेव्हलला, समोर कशावरही ढकलणारा खेळाडू असता तर मी डोळे मिटून कॉल केला असता. रेंजमध्ये दहांची जोडी आली तरी तुझे ५० टक्क्यांच्या वर जातात. पानांपेक्षा समोरचा कोण आणि वेळ कोणती ते बघ. सॅटेलाइटमध्ये (मोठ्या टूर्नामेंटच्या जागा जिंकायच्या स्पर्धेत) तर सगळ्या जागा सारख्याच मोलाच्या असतात. तिथे जागा जवळपास पक्की असताना मी एक्केसुद्धा टाकलेत. शेजारचा माझ्याकडे वेड्यासारखा बघत होता.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. कॉम्बो मोजायचे असतात हे माहीत होतं, पण माझ्या हातातली पानं त्यातून वजा करायची हे कधी सुचलंच नाही. आता मागच्या महिन्यातला एक हात छळतोय. दहा ब्लाइंडवाल्याने स्मॉल ब्लाइंडवरून ढकललं होतं, बबल बराच लांब होता, आणि मी बिग ब्लाइंडमध्ये गुलामांची जोडी टाकली. तेव्हा स्वतःवर खूश होतो.