बाबांना घेऊन सिरपूरला जावं की सांचीला? आणि विहार बघायचा कसा?

इंदोऱ्याची लेक

नमस्कार मंडळी. डिसेंबरात चार दिवसांची सुट्टी आहे. बाबा, मी आणि माझी दहा वर्षांची मुलगी असे तिघं नागपूरहून जाणार. बाबा ५६ साली तीन वर्षांचे होते, दीक्षाभूमीवर आजीच्या कडेवर होते. त्यांची एकच इच्छा आहे: भिक्षू जिथं खरंच राहत होते अशी जुनी जागा एकदा डोळ्यांनी बघायची.

मागच्या वर्षी एका ठिकाणी नेलं होतं. तिथल्या गाईडनं वीस मिनिटांत सगळं फिरवलं. हे पाचवं शतक, ते सातवं शतक, चला पुढे. परत येताना बाबा गाडीत एवढंच म्हणाले, "विटाच पाहिल्या गं." ते अजून मनातून जात नाही.

तर छत्तीसगडचं सिरपूर की मध्य प्रदेशातली सांची? बाबांचे गुडघे दुखतात. आणि तिथं गेल्यावर नेमकं काय बघायचं, जेणेकरून त्यांना पुन्हा असं वाटणार नाही?

अजनी_लोको

सांचीसाठी भोपाळपर्यंत रेल्वे, पुढे ४५-४६ किमी गाडीनं. सिरपूरसाठी रायपूरपर्यंत रेल्वे, पुढे साधारण ८० किमी. स्वतःच्या गाडीनं सिरपूरला जात असाल तर आरंग ओलांडल्यावर हायवेवर कुहरी मोड लागतो, तिथून आत वळायचं. सांचीचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, हे लक्षात ठेवूनच तिकिटं काढा. आम्ही नेमके शुक्रवारी पोचलो होतो. अशोकस्तंभाचं सिंहशीर्ष आत, आणि आम्ही फाटकाबाहेर.

बाई_महाल

ताई, मी नागपुरात तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. तुमच्या बाबांचं वाक्य वाचल्यापासून तेच डोक्यात घोळतंय. त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. विहार म्हणजे माणसांचं राहतं घर, आणि त्यांना ते घर कुणी दाखवलंच नाही. आपण कुणाच्या घरी गेलो की काय बघतो? दार कुठे, पाणी कुठे, निजायचं कुठे, चूल कुठे. विहारातही तेच शोधायचं.

सिरपूरला जा. सांचीलाही विहार आहेत, पण त्यातला मोठा, ५१ नंबरचा, टेकडीच्या पश्चिम उतारावर खाली आहे. पायऱ्या उतरा, परत चढा. गुडघ्यांना ते झेपणार नाही. सिरपूर सपाटीवर आहे, महानदीच्या काठी.

तिथं तीन विहार दाखवतील. तुम्ही आनंदप्रभु कुटी विहाराला अख्खी सकाळ द्या. इथला राजा महाशिवगुप्त बालार्जुन याच्या काळात आनंदप्रभू नावाच्या भिक्षूनं तो बांधवला. १९५०च्या दशकात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी तिथं उत्खनन केलं, म्हणजे आपलाच मराठी माणूस. मधोमध दगडी खांबांचा चौक, भोवती विटांच्या खोल्या, आणि दारासमोर गाभाऱ्यात भूमिस्पर्श मुद्रेतला, म्हणजे उजव्या हातानं जमिनीला स्पर्श करणारा बुद्ध. तिथल्या शिलालेखात भिक्षूंच्या जेवणाची तजवीज केल्याचीही नोंद आहे. हे बाबांना चौकात उभं राहूनच सांगा. मग चौक नुसता चौक राहत नाही, तिथं जेवायला बसलेली माणसं दिसायला लागतात.

मी आईला घेऊन गेले होते. ती दमली आणि एका खोलीच्या उंबऱ्यावर टेकली. चौकटीखालच्या दगडात वाटीएवढा गोल खळगा होता. तिनं त्यात बोट फिरवलं आणि मला म्हणाली, "हात लावून बघ, कसा गुळगुळीत झालाय. हा दाराच्या खुंटाचा. आमच्या वाड्यात अस्साच होता, दार फिरून फिरून झिजतो." कुणीतरी रोज पहाटे ते दार उघडत होतं, रात्री लोटून घेत होतं. इतकी वर्षं शिकवूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तुमच्या बाबांनाही तशीच एक खोली द्या. बसू द्या त्यांना. घाई करू नका.

मुलीला तीवरदेव विहाराच्या दाराशी न्या. चौकटीवर पंचतंत्रातल्या गोष्टी कोरल्यात. तिला म्हणावं, माकड आणि मगर शोध.

संग्रहालय मात्र त्यानंतर, परतीच्या वाटेवर. सिरपूरला सापडलेल्या कांस्यमूर्ती रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात आहेत. ते १८७५चं आहे. मूर्तींच्या डोळ्यांत चांदी बसवलीय, जवळ जाऊन बघा. जिथली मूर्ती आहे ती खोली आदल्या दिवशी पाहिलेली असली की काचेपलीकडचं धातूचं काम वेगळंच दिसतं. सिरपूरची एक तारा, म्हणजे बौद्ध देवी तारेची मूर्ती, तर थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या संग्रहालयात जाऊन बसलीय. मला त्याचं फार वाईट वाटतं.

आणि निघण्याआधी एका रविवारी अजब बंगल्यात, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात जा. सोमवारी बंद असतो. १८६३पासून आपल्या गावात आहे आणि आपण शाळेच्या सहलीनंतर पाय ठेवत नाही. तिथं देवटेकचा शिलालेख आहे, चंद्रपूरकडून आणलेला. एकाच शिळेवर दोन लेख. जुना मौर्यकाळच्या ब्राह्मी लिपीतला, प्राणी पकडू नका, मारू नका असं सांगणारा. दुसरा वाकाटक राजा पहिल्या रुद्रसेनाचा, त्याच्या धर्मस्थानाबद्दल. मध्ये जवळजवळ सहाशे वर्षं. दालनातलं बाकी सगळं सोडलं तरी चालेल, बाबांसोबत त्या एका दगडापाशी अर्धा तास उभ्या राहा.

पवनीकर

बाईंनी छान सांगितलं. पण एवढ्या लांब जाऊन राहिल्या तर आमची भंडारा जिल्ह्यातली पवनी काहून सोडता? उमरेड-भिवापूरवरून दोन तासांत पोचता. १९६९-७० साली पुरातत्त्वज्ञ देव आणि जोशी सरांनी इथं जगन्नाथ टेकडी खोदली, तर मंदिराखाली स्तूप निघाला. एका खांबावर नाग कोरलेला आणि सोबत ब्राह्मीत त्याचं नाव, मुचरिंद. म्हणजे मुचलिंद नागराज, ज्यानं पावसात बुद्धावर फणा धरला. आमची आजी टेकडीवर जाताना चप्पल खालीच काढायची. का, ते तिलाही माहीत नव्हतं.

आता तिथं फार काही उभं नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पण वैनगंगेचा वारा आहे, आणि गावाभोवती जुना मातीचा तट आहे. येताना भिवापूरची मिरची घेऊन या.

इंदोऱ्याची लेक

बाई, तुमचं उत्तर बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. खळग्याचं आलं तेव्हा त्यांनी हात वर करून थांबवलं आणि पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, आपल्या घरालाही तसंच दार होतं, तुझ्या जन्माआधी.

सिरपूर पक्कं. दोन दिवस तिथंच काढायचे, तिसऱ्या दिवशी रायपूरचं संग्रहालय, मग परत. अजब बंगला येत्या रविवारी. पवनीकर, त्याच्या पुढच्या रविवारी तुमच्याकडे. टेकडीच्या किती जवळ गाडी जाते आणि पुढे पायऱ्या किती, तेवढं कळवा.