जुनी जिप्सी: आधी उंच करायची की आधी सरळ करायची?

शिवारातला (चोपडा)

आमच्या मित्रमंडळीत महिनाभर हा वाद चाललाय, म्हणून इथे मांडतो. जुनी फोर बाय फोर दारात आली की पोरं पहिल्याच आठवड्यात ती उंच करायला धावतात. लांब शॅकल (पाट्याचं, म्हणजे लीफ स्प्रिंगचं, टोक चेसिसला जोडणारी पट्टी), मोठी चाकं, पुढे लोखंडी गार्ड. माझं म्हणणं असं, की खिशात पैसा कमी असेल आणि काम अंगणातच करायचं असेल, तर पहिलं वर्षभर उंचीवर एक रुपया घालू नका. तो किंगपिन (पुढचं चाक ज्यावर डावी-उजवीकडे वळतं तो खिळा), ब्रेक आणि सीलवर घाला.

माझी १९९८ची मारुती जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली, १२९८ सीसी. घेतली तेव्हा पंचावन्नच्या पुढे काटा गेला की स्टिअरिंग असं थडथडायचं की मनगटं दुखायची. विकणारा म्हणाला बॅलन्सिंग करा. दोनदा केलं, ढिम्म फरक नाही. मग एका रविवारी पुढचं चाक जॅकवर घेतलं, टायर वर-खाली धरून हलवला. खेळ चांगलाच होता. भाच्याला आत बसवून ब्रेक दाबून धरायला लावला, पुन्हा हलवला. खेळ तसाच. ब्रेक दाबल्यावर तो गेला असता तर दोष व्हील बेअरिंगचा, राहिला म्हणजे किंगपिनचा. एवढं निदान फुकटात झालं. नकल, म्हणजे किंगपिन बसतो ती वाटी, उघडला तर आत ग्रीसऐवजी काळं पातळ कालवण! अॅक्सलच्या हाउसिंगमधलं गिअर ऑइल आतल्या सीलमधून झिरपून ग्रीसमध्ये मिसळलं होतं. बेअरिंग, सील, शिम (घट्टपणा जुळवायच्या पातळ चकत्या) बदलायला दोन रविवार गेले. थडथड गेली.

दुसरी गोष्ट ब्रीदरची, म्हणजे हाउसिंगमधली हवा आत-बाहेर होते त्या छोट्या तोंडाची. गेल्या पावसाळ्यात उनपदेवच्या पुढे एक नाला ओलांडला, पाणी हाउसिंगच्या वर होतं. महिन्याने मागचं ऑइल काढलं तर दुधाचा चहा. तापलेलं हाउसिंग एकदम गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून, सीलमधून पाणी ओढून घेते. आता दोन्ही हाउसिंगच्या ब्रीदरला रबरी नळी जोडून ती इंजिनाच्या बाजूला उंच नेऊन बांधली आहे. चारशेच्या आत काम झालं. कोणत्याही लिफ्टपेक्षा हा बदल मला जास्त मोलाचा वाटतो.

सातपायरी (शहादा)

दादा, किंगपिन आणि ब्रीदरबद्दल पूर्ण सहमत. पण "एक रुपया घालू नका" हे पटत नाही. तुमच्याकडचे नाले मऊ आहेत. धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांवर जा, नदीच्या पात्रात गुडघ्याएवढे दगड. मूळ गाडी तिथे पोटावर बसते. माझं तिकडे आठवड्यातून दोनदा जाणं आहे आणि हौसेचं नाही, कामाचं आहे.

मी स्प्रिंग-ओव्हर केलंय, घरीच. जिप्सीत पाटे मुळात अॅक्सलच्या खाली असतात, ते अॅक्सलच्या वर घेतले. गाडी पाच इंच उचलली गेली. बाहेर हेच काम मला परवडलं नसतं. वेल्डिंग मशीन भाड्याने आणलं, पॅड कापून आणले, चार दिवसांत गाडी उभी.

शिवारातला (चोपडा)

सातपायरी भाऊ, एक हिशेब सांगतो. आपल्या गाडीत अॅक्सल अखंड आहे. पाटे वर घ्या नाहीतर शॅकल लांब करा, त्याच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून आहे तेवढ्याच उंचीवर राहतो. तो उचलतात फक्त टायर. किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास साधारण ६६८ मिमी. २३५/७५ आर १५ घातला तर ७३३. म्हणजे गोळ्याखाली जेमतेम ३३ मिमी मिळाले, सव्वा इंच. आणि स्पीडोमीटरला ६० दिसतं तेव्हा गाडी ६६ने पळत असते, ब्रेक तेच जुने. लांब शॅकलचा हिशेब तर अर्धाच: शॅकल दोन इंच वाढवा, गाडी एक इंच उचलते आणि पुढे कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) बिघडून ती रस्त्यावर सरळ धरत नाही.

सातपायरी (शहादा)

गोळ्याचं बरोबर आहे, पण दगडाला फक्त गोळा लागत नाही ना. ट्रान्सफर केसखालचा (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीखालचा) आडवा पट्टा लागतो, मागचा बंपर लागतो. आणि पाटे खाली असताना यू-बोल्टची प्लेटच आधी अडकायची, ती आता वर गेली. तुमचा २३५चा टायर मूळ उंचीवर पूर्ण वळवला तर फेंडरला घासतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. म्हणजे टायर हवा तर लिफ्टही हवीच. मी दिखाव्यासाठी केलेलं नाही.

लेथवाला (जळगाव)

मी गॅरेजवाला, या गाड्यांवर २८ वर्षं काम करतोय. दोघांनाही बोलणार आहे, राग मानू नका.

सातपायरी, पाटे वर घेतल्यावर ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची ओढ चाकाला देणारा दांडा) पाट्याला लागली असेल. तिचं काय केलंत? माझ्याकडे अशा गाड्या येतात ज्यांची लिंक कापून, वाकवून घरी टाके मारलेले असतात. एक गाडी आली होती, टाक्याच्या कडेने केसाएवढी चीर गेलेली. मालक दर शनिवारी कन्नड घाट उतरायचा, बायकापोरांसकट. मी ती लिंक काढून त्याच्या हातात दिली आणि बोटाने चीर दाखवली. तो खाली बसला. स्टिअरिंगच्या दांड्यावर घरचं वेल्डिंग नको म्हणजे नको. ब्रेकची रबरी नळीही तपासा. अॅक्सल खाली गेल्यावर जुनी नळी ताणली जाते, चाक पूर्ण लटकलं की तुटू शकते.

आणि चोपडेकर भाऊ, किंगपिनच्या बेअरिंगचा ताण, म्हणजे ती किती घट्ट बसलीय, कशाने मोजलात? शिम अंदाजाने घातले असतील तर आज थडथड नाही, सहा महिन्यांनी परत येईल. जास्त घट्ट झाले असतील तर बेअरिंग खाईल. ब्रेक आणि स्टिअरिंग अंगणात उघडू नये, हे माझं मत. ऑइल बदला, ग्रीस मारा, ब्रीदर करा, पत्र्याचं काम करा, कोणी अडवत नाही.

काळीमाती (रावेर)

लेथवाले काका, तुमचा अनुभव मानतो, पण सगळं गॅरेजला न्यायचं तर आमच्यासारख्यांनी गाडी ठेवूच नये. केळीचा भाव पडला की पहिला खर्च गाडीचाच थांबतो. तुमच्यासारखा हात असलेला माणूस तालुक्याला एखादाच. बाकीचे नवीन पोरगे स्कॅनर लावतात. कार्बोरेटरला स्कॅनर कुठे लावायचा? मी १४ वर्षं माझी गाडी स्वतःच उघडतो. व्हील सिलिंडर, ब्रेक शू, मागचे पाटे, सगळं. मे महिन्यात इथे पारा ४५ला जातो, म्हणून दर उन्हाळ्याआधी रेडिएटर खोलून धुतो.

फक्त एक गोष्ट जीव तोडून सांगतो. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. आपली काळी जमीन वरून कडक दिसते, आत ओल असते. जॅक सरळ उभा असतो आणि एका बाजूने हळूहळू रुततो. माझ्या डोळ्यांसमोर जॅक तिरका होऊन गाडी ड्रमवर आदळली, मी तेव्हा पाना आणायला उठलो होतो म्हणून वाचलो. तेव्हापासून खाली दोन इंची सागाची फळी, चेसिसखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड) आणि काढलेलं चाक पाट्याखाली आडवं. रोजची सवय.

लिफ्टबद्दल: हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉलीने शेतरस्त्याला एवढ्या खोल चाकोऱ्या पडतात की मधली धार गोळ्याला घासते. तिथे तुमची पाच इंचाची लिफ्ट कामाची नाही. एक चाक धारेवर चढवून जायचं. आणि तापीच्या वाळूत टायरची हवा १८ पीएसआयवर आणायची. फुकटचं काम आहे, पण माझ्याकडे दर वर्षी कोणीतरी फुगलेल्या चाकांनी रुतून ट्रॅक्टर मागायला येतो. पक्क्या रस्त्याला लागायच्या आधी हवा परत भरायची, तेवढा पंप गाडीत ठेवा.

धुळेकरीण (धुळे)

खर्चाच्या हिशेबात कायदाही धरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवर नोंदलेलं मूळ स्वरूप बदलता येत नाही, आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना कारवाई करायला सांगितलं होतं.

मला यात गाडीपेक्षा समोरच्या माणसाची काळजी वाटते. माझ्या काकांना पारोळा रोडवर अशाच गार्डवाल्या गाडीने हळू वेगात धक्का दिला. साधा बंपर असता तर दबला असता, तो पाइप दबला नाही, काकांचं मांडीचं हाड मोडलं. वडील तेव्हा एवढंच म्हणाले, "गाडी तुन्ही शे, रस्ता सर्वासना शे." सातपायरी दादा, तुमची गरज खरी आहे हे कळतं. पण धडगावच्या वाटेवरून तीच गाडी शहाद्याच्या बाजारातही येते ना. १५ वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं, तेव्हा पाच इंच उचललेली गाडी तपासणीला कशी उभी करणार?

सातपायरी (शहादा)

ताई, काकांचं वाचून वाईट वाटलं. माझ्या गाडीला गार्ड नाही, लावणारही नाही. नूतनीकरणाचा प्रश्न खरा आहे, माझं पुढच्या वर्षी आहे. तेव्हा पाटे परत खाली घ्यावे लागले तर घेईन. पण पाड्यावर जायची वाट तोवर कोणी नीट करून देणार नाही, हेही लिहून ठेवा.

लेथवाले काका, ड्रॅग लिंक मी वाकवलीच आहे. टाका मीच मारला. तुमचं वाचून आज सकाळी वायर ब्रशने घासून भिंगाने पाहिली. चीर दिसली नाही, पण टाक्याच्या एका टोकाला खड्डा आहे. गाडी उभी केली आहे.

लेथवाला (जळगाव)

उभी केलीत, चांगलं केलं. लिंक पार्सलने पाठवा, अजिंठा चौफुलीला सोडा. अखंड दांड्यातून नवी करून देतो, टाका लागणार नाही. मजुरी घेईन, नफा नको.

शिवारातला (चोपडा)

काका, ताण मी हातानेच बघितला होता, खोटं बोलत नाही. काळीमाती भाऊंसारखं मीही अंगणातच काम करत राहणार, पण हे एक मोजून घेतो. कधी आणू?

लेथवाला (जळगाव)

मंगळवारी सकाळी. टाय रॉड (पुढची दोन चाकं जोडणारा दांडा) सोडून स्प्रिंगकाट्याने ओढून बघावं लागेल, दोन तास धरा. येताना पुढची दोन्ही चाकं आतून धुऊन आणा. आणि शिमचं उरलेलं पाकीट टाकलं नसेल तर तेही.