पुतण्या, ओळखीतले बाळ की सरकारी नोंदणी? दत्तकाविषयी सल्ला हवा

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

नमस्कार. माझे वय ३९ आणि यजमानांचे ४४ आहे. मूल व्हावे म्हणून बेळगावला आणि नंतर कोल्हापूरला बरेच उपचार घेतले; ते आता आम्ही दोघांनी मिळून थांबवले आहेत आणि मूल दत्तक घेण्याचे ठरवले आहे. ठरवले खरे, पण घरात तीन मते पडली आहेत आणि त्यांतून वाट कशी काढावी हे कळत नाही, म्हणून येथे लिहीत आहे.

आमचे एकत्र कुटुंब आहे. सासऱ्यांचे म्हणणे असे की बाहेरचे मूल कशाला हवे, धाकट्या दिरांना दोन मुलगे आहेत, त्यांतला थोरला ओटीत घ्या, म्हणजे शेतही घरातच राहील. मुलगा ११ वर्षांचा आहे, गुणी आहे आणि आमच्याच अंगाखांद्यावर वाढला आहे. मात्र हा विषय निघाला की जाऊबाई पुढ्यातले ताट तसेच ठेवून उठतात आणि आत चुलीपाशी जाऊन बसतात. त्यांना अजून कोणी काही विचारलेले नाही आणि विचारण्याचे धैर्य मलाही होत नाही.

दुसरे मत नणंदेचे. तिच्या ओळखीची एक परिचारिका एका खासगी प्रसूतिगृहात काम करते. ती म्हणते की लग्नाआधी दिवस गेलेल्या एका मुलीचे बाळ जन्मताच मिळवून देता येईल, शंभराच्या मुद्रांकावर लिहून घेतले की झाले, फक्त ‘दवाखान्याचा खर्च’ म्हणून काही रक्कम द्यावी लागेल. ती रक्कम दवाखान्याच्या खर्चापेक्षा कितीतरी मोठी आहे, हे सांगायला नकोच.

तिसरा मार्ग सरकारी नोंदणीचा, आणि आम्हा दोघांचा कल तिकडेच आहे. पण जो तो म्हणतो की त्यात वर्षानुवर्षे जातात आणि तोवर तुमचे वय उलटून जाईल. शिवाय यजमानांना मधुमेह आहे, गोळ्यांनी आटोक्यात आहे, तरी त्यामुळे नाव बाद होते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शहापूरची वकील

ताई, परिचारिकेचा विषय आजच बंद करा आणि नणंदेलाही तसे स्पष्ट सांगा. ज्या आईला बाळ सांभाळणे शक्य नाही, तिने ते जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे कागदोपत्री सोपवायचे असते; त्यानंतर तिला फेरविचारासाठी ६० दिवस मिळतात, आणि ती मुदत संपल्यावर समिती ते मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे झाल्याचे जाहीर करते. पुढे ते कोणाच्या घरी जाणार हे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या यादीतील ज्येष्ठतेवरून ठरते, आणि मध्ये कोणीही, अगदी ती आईसुद्धा, ‘हे बाळ अमक्यांनाच द्या’ असे सांगू शकत नाही. ही पद्धत डावलून असे मूल घेणाऱ्याला बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ८० खाली ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पैसे देऊन मूल घेतले तर कलम ८१ लागू होते, त्यात ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. आणि गुन्हा करणारी व्यक्ती प्रसूतिगृहातील कर्मचारी असेल तर तिच्यासाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची तरतूद आहे. मुद्रांकावरच्या त्या कागदाने तुम्हाला मुलावर कसलाही हक्क मिळत नाही. उद्या ती मुलगी किंवा तिचे नातेवाईक दारात उभे राहिले, तर तुमच्या हाती काय असेल?

पुतण्याचे दत्तक मात्र पूर्णपणे कायदेशीर होऊ शकते. हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे मूल १५ वर्षांच्या आतले आणि अविवाहित असावे, मुलगा घ्यायचा असेल तर दत्तक घेणाऱ्याला हयात मुलगा, नातू वा पणतू नसावा, जन्मदात्या आईवडिलांपैकी दोघांचीही संमती असावी आणि मूल प्रत्यक्ष देण्याघेण्याचा विधी व्हावा. दत्तकपत्र सब-रजिस्ट्रारकडे नोंदवले की ते कायद्याप्रमाणे झाले आहे असे न्यायालय गृहीत धरते. बालन्याय कायद्याखालीही नात्यातले दत्तक घेता येते. तेथे वयाची कमाल मर्यादा लागू नसते, पण ५ वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती लागते. हिंदू दत्तक कायद्याप्रमाणे वैध झालेले दत्तक पुढे रद्द करता येत नाही, आणि दोन्हींपैकी कोणत्याही मार्गाने जा, मुलाचे जन्मघराशी असलेले कायदेशीर नाते त्या दिवशी संपते.

हे झाले कायद्याचे. माझे मत विचाराल तर, सासऱ्यांची काळजी शेताची असल्यास यजमान आपला हिस्सा मृत्युपत्राने पुतण्याच्या नावे करू शकतात. त्यासाठी ११ वर्षांच्या मुलाची आई बदलण्याचे कारण नाही. जाऊबाईंची संमती ही कायद्याची अट आहे, तेव्हा त्यांना विचारणे टाळता येणारच नाही. ते दिरांकरवी किंवा सासूबाईंकरवी न करता तुम्हीच, कोणी नसताना, करावे.

निपाणीची आई

वकीलताईंनी सगळे नीट मांडले आहे. मी फक्त वयाबद्दल लिहिते, कारण तुमच्या बाबतीत घाई करण्याजोगी तीच एक गोष्ट आहे.

दत्तकाच्या नियमांत नवराबायकोच्या वयांची बेरीज पाहतात. २ वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ती ८५ च्या पुढे चालत नाही, २ ते ४ वर्षांसाठी ९०, ४ ते ८ साठी १०० आणि त्यापुढे १८ पर्यंत ११०. तुमची बेरीज आज ८३ आहे, आणि ही बेरीज वर्षाला दोनाने वाढते हे पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. पात्रता नोंदणीच्या तारखेवरून ठरते, म्हणून घरातला वाद मिटण्याची वाट न पाहता आधी नोंदणी करून टाका. नोंदणी केली म्हणजे मूल घेतलेच पाहिजे असे बंधन येत नाही.

वाट पाहावी लागते हे खरे आहे. निरोगी तान्ह्या बाळासाठी तीन वर्षांहून अधिक काळ सहज जातो, कारण यादीत पालक फार आणि मोकळी झालेली मुले थोडी आहेत. मोठ्या मुलांच्या बाबतीत मात्र चित्र बरेच वेगळे असते. आम्ही मोठे मूल घेण्याचे ठरवले, कारण आमची बेरीज तेव्हाच नव्वदीपार गेली होती आणि, खरे सांगायचे तर, रात्री-अपरात्री बाटल्या उकळण्याची उमेद दोघांतही उरली नव्हती.

आमचा मुलगा उत्तर कर्नाटकातल्या एका संस्थेतून आला, तेव्हा पाच वर्षांचा होता. पहिल्या आठवड्यात तो पहाटेच उठायचा, अंथरुणाची घडी घालून भिंतीशी ठेवायचा आणि ताट हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहायचा. आत ये म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. जेवण झाले की ताट घासून पालथे घालायचा. शेजारणी कौतुक करायच्या की किती शहाणे पोर मिळाले, आणि मला त्या शहाणपणाचीच भीती वाटायची. दोन-तीन महिन्यांनी त्याने पहिल्यांदा ‘भाजी नको’ म्हणून ताट सरकवले तेव्हा आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि हसू दाबले. हे दिवस संयमाचे असतात, त्यासाठी घरातल्या एकाने तरी काही महिने कामातून मोकळे राहावे असे मी आग्रहाने सांगेन.

त्याला फक्त कन्नड येत होते. आमच्या गल्लीत निम्मी घरे कन्नड आहेत, आम्हालाही बाजारापुरते येते, त्यामुळे अडले नाही. सहा महिन्यांत तो सासूबाईंशी मराठीत भांडू लागला. दत्तक असल्याचे त्याला माहीतच आहे, पण तान्हे बाळ आणले तरी लपवू नका. आपल्याकडे लग्नकार्यात एखादी लांबची मावशी ते बोलून जातेच, आणि मुलाने ते तिच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून लहानपणीच ऐकलेले बरे.

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

दोघींचेही मनापासून आभार. नणंदेला नकार कळवला आहे. ती रुसली आहे, रुसू दे. जाऊबाईंशी परवा परड्यात बोलले. त्या एवढेच म्हणाल्या, “मामंजींनी सांगितलं तर मला नाही म्हणता यायचं नाही. पण तुम्ही विचारताय म्हणून सांगते, नको.” तेव्हा तो विषय आमच्यापुरता संपला, सासऱ्यांशी यजमान बोलणार आहेत.

आता नोंदणीचे विचारते. आमच्या लग्नाची नोंद कधी केलेलीच नाही. उत्पन्न शेतीचे, पगारपत्रक नाही. घरी चौकशीला येणारे कर्मचारी कन्नडच बोलतात असे ऐकते, सासूसासऱ्यांना तर त्यातले काही येत नाही. आणि आम्ही कर्नाटकात राहून महाराष्ट्रातले मूल मागू शकतो का?

टिळकवाडीकर

ताई, आम्ही सध्या यादीत वाट पाहत आहोत, त्यामुळे कागदपत्रांचा अनुभव ताजा आहे.

लग्नाची नोंद आजही सब-रजिस्ट्रार कार्यालयात करता येते. लग्नपत्रिका, जोडीचा फोटो आणि साक्षीदार घेऊन जा; हे काम सर्वांत आधी करा, कारण ऑनलाइन नोंदणीनंतर सर्व कागद ३० दिवसांत चढवावे लागतात. शेतीच्या उत्पन्नासाठी नाडकचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढा. पॅन, आधार, जन्मतारखेचा पुरावा आणि आरोग्य प्रमाणपत्र लागते. मधुमेहाची चिंता करू नका. नियमाला आक्षेप आहे तो जिवाला धोका असलेल्या आजाराचा, म्हणून साखर नियंत्रणात असल्याचे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा: आपल्या भागात एका कागदावर नाव मराठी वळणाचे आणि दुसऱ्यावर कन्नडवरून उतरवलेले असते, आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग चार ठिकाणी चार प्रकारचे असते. ते नोंदणीआधीच एकसारखे करून घ्या.

राज्याची पसंती नोंदणीच्या वेळी कळवता येते, त्यामुळे कर्नाटकात राहत असल्याने महाराष्ट्र बंद होत नाही. गृहभेट मात्र तुम्ही राहता त्याच जिल्ह्यातून होते. आमच्याकडे आलेल्या बाई कन्नड बोलत होत्या, पण आईला त्यांनी मोडक्या मराठीत विचारले की मूल रडू लागले तर तुम्ही काय कराल. आई म्हणाली, “घेईन की मांडीवर, आणखी काय करतात?” बाईंनी ते लिहून घेतले. पुढे आम्हा दोघांना वेगवेगळे बसवून विचारले की हा निर्णय नक्की कोणाचा. तुमच्या घरात तीन मते होती हे लपवू नका, पण सासऱ्यांची समजूत गृहभेटीच्या आधी निघालेली बरी, कारण कुटुंबातील इतरांचे मनही त्या अहवालात येते. अहवाल ३ वर्षे चालतो, नंतर नव्याने करावा लागतो. शुल्क नियमात ठरलेले आहे; त्यापलीकडे कोणी देणगी मागितली तर देऊ नका.

मूल सुचवले गेले की त्याचा फोटो, माहिती आणि वैद्यकीय अहवाल संकेतस्थळावर दिसतात आणि होकारासाठी ४८ तास असतात. तेवढ्यात बालरोगतज्ज्ञ शोधत बसण्यापेक्षा एखाद्याशी आत्ताच बोलून ठेवा.

शहापूरची वकील

एक भर घालते. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी, म्हणजे आपल्याकडे डीसी, देतात, आणि अर्ज मूल ज्या संस्थेत आहे तिच्या जिल्ह्यात होतो. आदेशाआधीच मूल पालनपोषणासाठी तुमच्या घरी येते, त्यामुळे तारीख लांबली तरी घाबरू नका. आदेश हाती पडला की मुलाचे नाव, जन्मतारीख आणि तुम्हा दोघांची नावे तेथेच उभे राहून वाचा, कारण नवा जन्मदाखला त्यावरूनच निघतो आणि त्यातली चूक पुढे शाळेपासून पासपोर्टापर्यंत सोबत येते.