'एफुलेफू'ला मराठीत काय म्हणायचं? 'बाटगा' खटकतोय

टिळकवाडी : वाचनमंडळासाठी चिनुआ अचेबेंच्या १९५८ च्या कादंबरीतली काही पानं मराठीत करतोय. नायजेरियातल्या इग्बो लोकांच्या गावात मिशनरी येतात. पहिल्यांदा त्यांच्यामागं जे जातात त्यांना गाव 'एफुलेफू' म्हणतं, म्हणजे कुचकामी, पोकळ माणूस. गावाच्या डोळ्यासमोर चित्र असं, की गड्यानं कोयता विकला आणि रिकामं म्यान लावून लढाईला निघाला. मी 'बाटगे' लिहिलं. मंडळातल्या एका काकांनी तिथंच थांबवलं, "बाटण्यात विटाळ आलाय, इथं विटाळ कुठाय?" दुसरा शब्द आहे का?

निपाणी : शेंदाड शिपाई. लढाईसकट बसतंय की.

टिळकवाडी : जवळ आलात. पण शेंदाड शिपाई भित्रा असतो. एफुलेफूच्या शब्दाला बैठकीत किंमत नाही, एवढंच.

खानापूर : काकांचं बरोबर आहे. आमची आज्जी मिशनच्या दवाखान्यातनं आलेल्याला आधी न्हाणीत पाठवायची. "बाटलास गा" म्हणायची, पण तो माणूस पोकळ आहे असं तिच्या मनात कधीच नसायचं. बाटणं बाहेरनं लागतं, अंघोळीनं जातं.

शहापूर : मला वाटतं 'बाट' हा 'भ्रष्ट'वरनं आलाय. भ्रष्ट, भट्ट, बाट. मुळात अर्थ 'खाली पडलेला', विटाळ नंतर चिकटला. 'बाटगे' चालेल.

खानापूर : असेल. वाचणाऱ्याला मात्र शिवीच ऐकू येणार. आणि बेळगावात बसून हा शब्द लिहिताना बाबा पदमनजी कसे विसरायचे? १८३१ ला इथंच जन्म, १८५४ ला इथंच बाप्तिस्मा, १८५७ ला 'यमुनापर्यटन'. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून जिचं नाव घेतात, ती लोकांनी 'बाटला' म्हटलेल्या माणसाची. विधवांचे हाल इतक्या पोटतिडकीनं मांडणारा पोकळ होता? मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची संक्षिप्त आवृत्तीही त्यांनीच केली.

टिळकवाडी : माझं अडतंय ते इथंच. कादंबरीचा नायक ओकोन्क्वो, त्याचा मुलगा न्वोये. रानात टाकलेल्या जुळ्यांचं रडणं, घरात भावासारखा वाढलेल्या इकेमेफुनाला मारलं ते, हे त्याला आतनं खात असतं. मिशनऱ्यांचं गाणं ऐकून तिथं गार वाटतं. पुढं तो आयझॅक होतो. बापाच्या लेखी पोरगा वाया गेला. मी 'बाटगा' लिहिलं की निकाल मीच दिल्यासारखा होतो, आणि तोही आपल्या सोवळ्याओवळ्याचा.

शहापूर : मग 'धर्मांतरित' लिहा.

निपाणी : तो कागदावरचा शब्द झाला. गाव असं बोलेल?

अनगोळ : 'एफुलेफू' तसाच ठेवा. म्यानाचं चित्र शेजारी आहेच, वाचणाऱ्याला कळतंय.

शहापूर : परके शब्द तसेच ठेवायचे तर भाषांतर कशाला? आधीच आपल्यात कानडी शिरलीय. पुण्याला गेलो की 'तुमची मराठी बाटलेली' म्हणून ऐकून घ्यावं लागतं. मला ते लागतं.

अनगोळ : तूप, अडकित्ता, अक्का, अण्णा कानडीतनंच आलेत. पुण्यातही तूपच वाढतात. माझी पोरं दारात कानडी, घरात मराठी बोलतात. त्यांना बाटली म्हणाल?

शहापूर : पोरांना कशाला म्हणेन? भाषेबद्दल बोलतोय मी.

खानापूर : आज्जी पण असंच सांगायची, माणसाला नाही म्हणत, घागरीला म्हणते.

निपाणी : तूप कानडीतलं कसं? आमच्या गुरुजींनी संस्कृतातलं सांगितलेलं.

अनगोळ : कानडीत 'तुप्प' म्हणतात. संस्कृतात घृत.

निपाणी : घृताचं घी झालं ते माहीत आहे. तुपाचं बघून सांगतो.