सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावता येते का?

प्रश्न : बार्शीकर

माझे माहेर बार्शी शहरातले, सासर वैरागकडच्या एका खेड्यात. पती पुण्यात नोकरी करतात. त्यामुळे सोयाबीनच्या पेरणीपासून ज्वारीच्या मळणीपर्यंत आणि मजुरांच्या हिशेबापासून ई-पीक पाहणीपर्यंत सारे मीच बघते. मात्र वाटणीत आलेली जमीन त्यांच्या एकट्याच्या नावावर असल्याने सोसायटीच्या पीककर्जाला त्यांचीच सही लागते आणि शेतकरी ओळख क्रमांकही त्यांचाच. माझे नाव लागू शकेल का?

उत्तर : माजी तलाठी

लागू शकेल. शेतकरी संघटनेने शरद जोशींच्या नेतृत्वाखाली लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली होती. पुढे शासनाने 1992 मध्ये त्याच नावाचा निर्णय काढला. पतीने स्वेच्छेने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहधारक म्हणून लागते. फेरफार (नोंदीतील बदल) घेतल्यावर नोटिसा निघतात आणि हरकत नसल्यास मंडळ अधिकारी तो प्रमाणित करतात. अर्ज पतीनेच करायचा असल्याने ते सुट्टीवर येतील तेव्हा सोबत न्या.

उत्तर : वकिली चष्मा

वरील माहिती योग्य आहे, पण सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मालकीच हवी असेल तर नोंदणीकृत बक्षीसपत्राचा मार्ग आहे. शेतजमीन पत्नीला देताना मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, इतर खर्च वेगळा. मात्र जमीन वडिलोपार्जित असेल आणि मुले असतील, तर त्यांचाही जन्मतः हिस्सा असतो (हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलींचाही), म्हणून वकिलाला कागदपत्रे दाखवल्याशिवाय बक्षीसपत्र करू नका. कर्जाचा बोजाही तपासा.

उत्तर : गावंदरीची सून

कायदा सांगणारे पुष्कळ भेटतील. अडचण घरात असते. आमच्याकडे दिरांनी विचारले, ‘वहिनींचे नाव कशाला, आम्ही काय परके आहोत?’ अशा वेळी भांडण न करता घरापासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये (घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत) घर पती-पत्नी दोघांच्या नावे लावता येते आणि त्याला सहसा कोणी आडवे येत नाही. महिला ग्रामसभेत विषय काढा. चार जणींनी एकत्र अर्ज दिले की ग्रामसेवकही टाळाटाळ करत नाहीत.

बार्शीकर : आभारी आहे. जमीन सासऱ्यांच्या वडिलांपासूनची आहे, त्यामुळे बक्षीसपत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवते. नमुना 8 साठीचा अर्ज लगेच देते आणि पती दिवाळीला आले की लक्ष्मीमुक्तीचा. सासूबाईंची हरकत नाही. उलट त्यांनी विचारले, ‘माझे नाव लागेल का?’