बारावीच्या इंग्रजीत 'ऐकणं' खरोखर तपासायला हवं का?

खडूफळा

मी सांगली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात एकोणीस वर्षं इंग्रजी शिकवते. गेल्या आठवड्यात अकरावी विज्ञानच्या वर्गात दोन मिनिटांचं एक ध्वनिमुद्रण लावलं. रेल्वेच्या चौकशी खिडकीवरचं बोलणं होतं: गाडी किती वाजता, कुठल्या फलाटावरून, तिकीट केवढ्याचं. त्यात अवघड म्हणावा असा एकही शब्द नव्हता. चार प्रश्न विचारले. ६४ मुलांपैकी ७ जणांची चारही उत्तरं बरोबर आली. बऱ्याच जणांनी 'थर्टीन'चं 'थर्टी' केलं होतं. काहींनी तर वही कोरीच ठेवली, आणि त्यात दहावीला इंग्रजीत ऐंशीच्या वर गुण मिळवलेली मुलंही होती. मग तोच संवाद छापून हातात दिला, तर पाच मिनिटांत जवळजवळ सगळ्यांनी सगळं बरोबर लिहिलं.

शब्द येतात, व्याकरणही येतं. कानावर पडल्यावर ते ओळखू येत नाही.

यात मुलांना दोष देता येणार नाही. आपली बारावीची परीक्षा ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी अशी आहे. लेखीत न शिकवलेल्या उताऱ्याला १२ गुण असतात, म्हणून वाचनाचा थोडा तरी सराव होतो. तोंडीचे २० गुण आम्हीच आमच्या मुलांना देतो. मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय, शिक्षक एखादा परिच्छेद स्वतः वाचून दाखवतात, तोही सावकाश, मराठी वळणाने, मध्ये थांबून अर्थ सांगत. त्याला ऐकण्याची परीक्षा कसं म्हणायचं?

माझं म्हणणं असं: या वीसपैकी दहा गुण मंडळाने ठरवलेल्या ध्वनिमुद्रणावर असावेत. सगळ्या राज्यात एकच दिवस, एकच वेळ. तुम्हाला काय वाटतं?

---

माणदेशी

मॅडम, तुमची तळमळ कळते, पण मी याच्या ठाम विरोधात आहे. मीही शिकवतो, आटपाडीच्या बाजूला, कला शाखेला.

तुमच्या मुलांनी छापील संवाद पाच मिनिटांत सोडवला. माझ्या वर्गात तो छापून दिला तरी अर्धी मुलं अडतील. वाचनच येत नसताना ऐकण्याची परीक्षा कशाला? आमच्याकडे इंग्रजीचा तास म्हणजे शिक्षकाने एक ओळ वाचायची, मराठीत अर्थ सांगायचा, मुलांनी पेन्सिलने शब्दावर शब्दार्थ लिहायचा. बारा वर्षं असंच चालतं. सन २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी बारावीत आलेल्या मुलाने स्वतः, कुणी अर्थ न सांगता, इंग्रजीचं एक अख्खं पान वाचलेलं नसतं.

दुसरी गोष्ट सोयींची. वर्गाला पत्र्याचं छत आहे. पाऊस आला की माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत पोहोचत नाही. वीज कधी जाईल सांगता येत नाही. तिथे दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण एकदा वाजणार आणि त्यावर पोराचं भवितव्य ठरणार? काठावरच्या मुलाला हे तोंडीचे वीस गुणच तारतात. ते काढून घेतले तर घरी कोण बसेल? शहरातली, घरी इंग्रजी मालिका बघणारी मुलं तर नक्कीच बसणार नाहीत.

---

ओसाकाकर

मी पुण्याचा, आठ वर्षं जपानमध्ये नोकरी करतोय. इथलं सांगतो.

जपानी मुलांबद्दल वर्षानुवर्षं हेच म्हटलं जायचं: व्याकरण पक्कं, वाचन बरं, पण समोरचा इंग्रजी बोलला की गप्प. तिथल्या विद्यापीठ प्रवेशाच्या राष्ट्रीय परीक्षेत २००६ साली इंग्रजी ऐकण्याचा भाग आला. सभागृहात स्पीकर लावला तर मागच्याला ऐकू येणार नाही, पुढच्याला मोठं वाटेल, म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याला एक छोटं ध्वनियंत्र आणि इअरफोन दिले गेले. तेव्हा लेखीला २०० आणि ऐकण्याला ५० गुण होते. २०२१ पासून नवी परीक्षा आली आणि वाचन १००, ऐकणं १०० असं झालं.

माणदेशी सर, तुमचा पत्र्याच्या छताचा मुद्दा अगदी बरोबर आहे. त्याचं उत्तर म्हणजे यंत्र आणि पैसा, आणि ते सोपं नाही हे मान्य. पण एक उदाहरण आपल्याच घरचं देतो. पुण्यात जपानी शिकणारी मुलं ढिगाने आहेत. त्यांची जी प्रावीण्य परीक्षा असते, तिच्या वरच्या तीन पातळ्यांवर ऐकण्याला ६० पैकी किमान १९ गुण लागतात. एकूण गुण कितीही असोत, इथे १८ आले की नापास. परिणाम काय? तीच पुण्याची पोरं बसमध्ये, स्वयंपाकघरात, जिन्यात इअरफोन लावून जपानी ऐकतात. इंग्रजीसाठी ती असं कधीच करत नाहीत, कारण तिथे त्यांना कुणी अडवत नाही.

---

शिकवणीवाला

मी लातूरला खाजगी शिकवणी घेतो, त्यामुळे माझं मत स्वार्थाचं वाटेल. पण परीक्षा वाढली तर धंदा माझाच वाढतो, तरी सांगतोय की हे करू नका.

ज्या गोष्टीला गुण लागतात तिचं पाठांतर होतं. उताऱ्यावरच्या सहा प्रश्नांत दोन गुणांचा 'तुमचं मत लिहा' हा प्रश्न असतो. मुलाने स्वतः विचार करावा म्हणून तो आला. आज माझ्याकडे येणारी मुलं त्यासाठी पाच ओळींचा साचा पाठ करून येतात आणि विषय फक्त बदलतात. माइंड मॅप, म्हणजे विषयाचा नकाशा काढायच्या प्रश्नाचंही तेच, मध्ये गोल आणि भोवती ठरलेल्या फांद्या. खरं आकलन जोखणारा, ओळींमधला अर्थ काढायला लावणारा प्रश्न फक्त दोन गुणांचा, आणि मुलं तोच सोडून देतात, कारण तो पाठ करता येत नाही.

उद्या ध्वनिमुद्रण आणलंत तर परवा बाजारात 'पन्नास संभाव्य संवाद' येतील. ऐकणं वर्गात आनंदाने होऊ द्या. त्याला गुण चिकटले की ते मेलंच म्हणून समजा.

---

खडूफळा

शिकवणीवाले सर, साच्यांबद्दल तुम्ही म्हणता ते मी रोज तपासते, त्यामुळे नाही म्हणणार नाही. पण गुण नाहीत म्हणून एखादी गोष्ट वर्गात आनंदाने झाली, असं एकोणीस वर्षांत मी पाहिलेलं नाही. ती फक्त होत नाही. आणि ऐकण्याला साचा लावणं कठीण आहे. संवाद पाठ केला तरी नव्या संवादात तो उपयोगी पडत नाही, कारण अडचण शब्दांची नाहीच.

ती कुठे आहे ते सांगते, कारण यावर फार कमी बोललं जातं. आपण मराठीत प्रत्येक अक्षराला साधारण सारखा वेळ देतो. इंग्रजीत तसं नाही. जोर असलेला भाग ठणठणीत, आणि मधले छोटे शब्द जवळजवळ गिळलेले. 'नॉट ॲट ऑल' हे तीन शब्द कानावर 'नॉटॅटॉल' असे एकसंध येतात. वर्गात 'व्हेजिटेबल' चार अवयवांचं, म्हणजे उच्चाराच्या चार तुकड्यांचं, बाहेर 'व्हेज्टबल' तीनच. मुलाने शब्द स्पेलिंगवरून पाठ केलेला असतो, त्याच्या मनातला आवाज वेगळा असतो. ओळखीचा माणूस टोपी घालून आला आणि ओळखू आला नाही, तसं होतं.

सगळ्यात फसवा शब्द 'कॅन'. अमेरिकन माणूस 'मी येऊ शकतो' म्हणताना तो नुसता 'कन' असा उडवतो. 'कॅ' स्पष्ट ऐकू आला तर बहुतेक वेळा ते 'कॅन्ट' असतं, कारण शेवटचा 'ट' तो उच्चारतच नाही. आपली मुलं स्पष्ट 'कॅन' ऐकून होकार समजतात. अर्थ थेट उलटा!

वर्गात मी हे करते: दोन मिनिटांपेक्षा मोठं काही लावत नाही. पहिल्यांदा ऐकताना पेन खाली. कोण बोलतंय, कुठे, कशासाठी, एवढंच. दुसऱ्यांदा प्रश्न समोर ठेवून. तिसऱ्यांदा छापील मजकूर हातात, आणि जे ऐकू आलं नव्हतं त्याखाली रेघ. शेवटी त्यातल्या चार ओळींचं श्रुतलेखन. तीच रेघ मारलेली जागा महत्त्वाची, तिथे मुलगा म्हणतो, 'अरे, हा शब्द तर मला येतो!'

---

दुसरं_वर्ष

मी विद्यार्थिनी आहे, बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, बारावीला इंग्रजीत ७९.

पहिल्या वर्षी पहिल्या महिन्यात मी रोज रडले. पुस्तक वाचलं की समजायचं. मॅडम केरळच्या, त्या तेच बोलल्या की काही कळायचं नाही. वॉर्डात सिस्टर फोनवरून औषधाचं प्रमाण सांगायच्या आणि मी 'फिफ्टीन' की 'फिफ्टी' हे दोनदा विचारायचे. तिसऱ्यांदा विचारायला लाज वाटायची, आणि औषधाच्या बाबतीत लाज वाटून चालत नाही. आता मी 'वन फाइव्ह' की 'फाइव्ह झीरो' असं विचारते.

खूप जणांनी सांगितलं, इंग्रजी चित्रपट बघ, खाली अक्षरं लाव. मी सहा महिने बघितले. माझं वाचन जलद झालं, कान तिथेच राहिला, कारण अक्षरं दिसत असली की डोळेच काम करतात.

मला उपयोग झाला तो आजोबांच्या रेडिओचा. सकाळी आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐकायच्या, मग सव्वाआठचं इंग्रजी बातमीपत्र. बातम्या बऱ्याचशा त्याच, त्यामुळे पुढे काय येणार ते आधीच माहीत. पाऊस, अर्थसंकल्प, क्रिकेट. ओळखीच्या गोष्टीवर अनोळखी आवाज बसवत गेले. चार महिन्यांनी मराठी न ऐकता समजायला लागलं. ही युक्ती मला कुणी अकरावीत सांगितली असती तर बरं झालं असतं.

परीक्षा असावी की नाही ते मला ठरवता येत नाही. पण बारावीला मला तोंडीत २० पैकी १९ होते. ते गुण बघून मला वाटलं होतं, मला इंग्रजी ऐकून समजतं.

---

माणदेशी

ताई, तुमचं शेवटचं वाक्य मनाला लागलं. खोटे गुण देणाऱ्यांत मीही आहे, हे इथे कबूल करतो. तरी माझा मूळ मुद्दा सोडत नाही.

मॅडमनी कानाची अडचण नीट उलगडून सांगितली. डोळ्यांची अडचणही तशीच आहे, तीही सांगतो. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी. आपला वाचक शेवटाची वाट बघत वाचतो. इंग्रजीत क्रियापद आधीच येऊन जातं आणि पुढे 'विच', 'हू', 'दॅट' अशी एकामागून एक शेपटं लागतात. माझी मुलं सवयीने मागून अर्थ लावायला बसतात, आणि तीन ओळींचं वाक्य आलं की कर्ता कोण हेच हरवतं. शब्दार्थ लिहून याला उतारा मिळत नाही. मी आता एकच सांगतो: आधी क्रियापद शोधा, त्याला गोल करा, मग 'कोण?' विचारा. बाकी सगळं नंतर. रोज एक परिच्छेद, शब्दकोश बंद. सहा-सात अनोळखी शब्द असले तरी चालतील, पुढे जायचं. पहिले पंधरा दिवस मुलं चिडतात. मग एक दिवस एखादा येऊन विचारतो, सर, पुढचा भाग आहे का?

हे जमल्याशिवाय ध्वनिमुद्रणाला अर्थ नाही, कारण कागदावर तरी मागे जाता येतं. आवाज मागे जात नाही.

---

खडूफळा

पण म्हणूनच तर, सर. आवाज मागे जात नाही म्हणून मुलाला शब्द येतील त्याच क्रमाने अर्थ लावावा लागतो. मागून वाचायची सवय मोडायला याहून चांगला उपाय मला सापडलेला नाही. ज्या वर्गात मी वर्षभर ऐकवलं, त्या वर्गाचा उतारा वाचायचा वेग वाढला. मोजमाप काढलेलं नाही, वर्गातलं निरीक्षण सांगते. तुमचं गोल करणं आणि माझं ऐकवणं एकाच दुखण्यावरचे इलाज आहेत.

---

बाभूळवन

एक प्रश्न. माझ्या मुलाला डाव्या कानाने ऐकू येत नाही आणि उजव्याला यंत्र आहे. या दहा गुणांचं त्याने काय करायचं? इतक्या प्रतिसादांत कुणी हा विचार केलेला दिसला नाही.

---

ओसाकाकर

क्षमस्व, आधीच लिहायला हवं होतं. जपानमध्ये गंभीर श्रवणदोष असलेल्यांना अर्ज करून ऐकण्याच्या भागातून सूट मिळते. आपल्याकडे असं काही आलं तर ही तरतूद पहिल्या दिवसापासून हवी, मागाहून झगडून घ्यायला लागू नये.

---

खडूफळा

बाभूळवन, हे माझ्याकडून सुटलं. मागणीचं पत्र लिहीन तेव्हा ही ओळ सगळ्यात वर असेल.

---

माणदेशी

मॅडम, परीक्षेला माझा विरोध कायम आहे. वीज आणि छप्पर आल्याशिवाय तो बदलणार नाही. पण तो रेल्वेच्या खिडकीचा संवाद मला पाठवा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या वेळी पाऊसही कमी असतो. वर्गात ३८ मुलं आहेत. आधी ऐकवतो, मग कागद देतो, आणि दोन्हीचे आकडे इथेच लिहितो.

---

खडूफळा

पाठवला. सोबत छापायचा मजकूरही आहे. दुसऱ्यांदा ऐकवून होईपर्यंत तो मुलांना दाखवू नका.