फॉरवर्डची कारकीर्द गोलांवर मोजायची का? ओवेच्किन, बर्जरॉन आणि आपल्या रिंकवरची मुलं

कोथरूडचा सेंटर

६ एप्रिल २०२५ च्या रविवारी रात्री अलेक्झांडर ओवेच्किनने न्यूयॉर्क आयलंडर्सविरुद्ध ८९५ वा गोल मारला आणि एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगमधला वेन ग्रेट्झकीचा ८९४ गोलांचा विक्रम मोडला. पुण्यात आइस हॉकी बघणारे आपण मोजकेच. बहुतेक हिंजवडीत नोकरी करणारे, कधीतरी बॉस्टन नाहीतर टोरांटोची थंडी सोसून आलेले. त्या रात्रीपासून आपल्यात एकच सूर लागलाय, की सर्वश्रेष्ठ फॉरवर्ड कोण हा वाद आता मिटला. मला हे अजिबात पटत नाही, म्हणून हा धागा.

ओवेच्किनचं कौतुक मलाही आहे. डाव्या वर्तुळातून तो जो फटका मारतो, तो तिथूनच येणार हे गोलीला, म्हणजे गोलकीपरला, ठाऊक असतं, बचावफळीला ठाऊक असतं, तरी वीस वर्षं कुणाला तो बंद करता आला नाही. पण ६० मिनिटांच्या सामन्यात चांगला फॉरवर्ड बर्फावर असतो साधारण २० मिनिटं, तीही पाऊणेक मिनिटाच्या शिफ्टमध्ये तुकड्यातुकड्यांनी. त्यातही पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, त्याच्या स्वतःच्या स्टिकवर असतो तो वेळ सेकंदांत मोजावा लागतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, याचा हिशेब कोणी ठेवायचा?

माझ्या मते फॉरवर्डच्या कारकिर्दीचा आदर्श आहे बॉस्टन ब्रुइन्सचा पॅट्रिस बर्जरॉन. एका गोलाची आघाडी, शेवटचं मिनिट, समोरच्यांनी गोली काढून सहावा आक्रमक उतरवलाय आणि फेस-ऑफ (दोघांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करणं) आपल्याच गोलच्या बाजूला. अशा वेळी बॉस्टनने वर्षानुवर्षं याला पाठवलं. कमरेत वाकून, स्टिकचं पातं बर्फावर टेकवून तो लाइन्समनच्या हाताकडे बघत राहायचा. पक पडायच्या क्षणी खांदा आत घालायचा आणि पक मागे आपल्या डिफेन्समनकडे ओढायचा. पक बाहेर भिरकावला जायचा, दहा-पंधरा सेकंद खपायची. गोलांच्या रकान्यात शून्य, पण सामना खिशात! सर्वोत्तम बचाव करणाऱ्या फॉरवर्डला मिळणारी सेल्की ट्रॉफी त्याने सहा वेळा जिंकली. इतक्या वेळा ती कुणालाच मिळालेली नाही.

हे सगळं आत्ता का काढलं, तर शनिवार-रविवारी मी इनलाइन हॉकीच्या, म्हणजे चाकांच्या स्केट्सवरच्या हॉकीच्या, मुलांना शिकवतो. आपल्याकडच्या स्पर्धांत बक्षीस कोणाला? सर्वाधिक गोल करणाऱ्याला. परिणाम असा, की दहा वर्षांची पोरं समोरच्या गोलजवळ उभी राहून पासची वाट बघतात. पक गेला की मागे फिरतच नाहीत. इनलाइनमध्ये गोली सोडून चारच खेळाडू. त्यातला एक पुढे थांबला की मागे तिघं उरतात, आणि पालक गॅलरीतून त्या पुढे थांबलेल्याचंच नाव घेत असतात.

खडकीकर

अरे, मी मैदानी हॉकी खेळलेला माणूस. बर्फावरची आता नातवामुळे बघायला लागलो. पण फॉरवर्ड म्हणजे फॉरवर्ड, मैदान हिरवं असो की पांढरं. त्याचं काम गोल मारणं. बचावाला डिफेन्स आहे, हाफ आहेत, गोली आहे. बॅट्समनने सत्तर शतकं ठोकली तर त्याची स्लिपमधली फिल्डिंग कोणी विचारत बसत नाही.

आणि गोल मारणं ही सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आहे. पळायला शिकवता येतं, मागे यायला शिकवता येतं. गोलसमोर दोन दांडे पायात येत असताना डोकं शांत ठेवणं शिकवता येत नाही. आमच्या खडकीने ऑलिंपियन दिले, धनराज पिल्लेसारखा फॉरवर्ड दिला. चेंडू त्याच्याकडे आला की आख्खं मैदान उभं राहायचं ते तो मागे येऊन बचाव करतो म्हणून नव्हे. तू पोरांना पुढे थांबू नकोस म्हणतोस, मग पुढे जाऊन मारायचं कोणी?

निशिगंधा (बाणेर)

खडकीकर काकांना पाठिंबा, पण माझी कारणं वेगळी आहेत.

ओवेच्किनचा ८९५ वा गोल त्याच्या १४८७ व्या सामन्यात आला. ग्रेट्झकीची आख्खी कारकीर्दही बरोबर १४८७ सामन्यांची. सामने सारखे, पण काळ वेगळा. ग्रेट्झकीने १९८१-८२ च्या हंगामात ९२ गोल मारले तेव्हा गोलींचे पॅड लहान होते आणि गुडघ्यांवर बसून खालची बाजू बंद करण्याचं तंत्र सगळीकडे पसरायचं होतं. ओवेच्किनसमोरचे गोली अंगाने मोठे, तंत्राने पक्के. शिवाय २००४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला निवडला गेला आणि मालक-खेळाडूंच्या वादातल्या टाळेबंदीमुळे ते आख्खं वर्ष लीगच झाली नाही. २०१२-१३ चा हंगाम ४८ सामन्यांवर आला, पुढे कोविडने आणखी सामने खाल्ले. विक्रमाच्याच हंगामात पायाचं हाड मोडून १६ सामने बाहेर बसला, तरी ३९ व्या वर्षी विक्रम केला. याला नुसतं "एका जागेवरून मारणारा" कसं म्हणणार?

दुसरं म्हणजे सेल्की. ती पत्रकारांच्या मतांवर ठरते. गोल मोजता येतो, "बचाव चांगला करतो" हे मत असतं. एकदा नाव झालं की मत चिकटून राहतं.

आणि तिसरं. २०११ ची स्टॅन्ली कप फायनल, म्हणजे लीगच्या विजेतेपदाची मालिका, तिचा सातवा सामना, व्हँकुव्हरमध्ये बॉस्टन ४-० ने जिंकलं. त्यात तुमच्या बर्जरॉनचे दोन गोल होते. तो कप आठवताना आपण त्याचे फेस-ऑफ आठवतो की ते दोन गोल?

कोथरूडचा सेंटर

निशिगंधा, त्या दोनातला दुसरा गोल आठव. बॉस्टनचा एक खेळाडू शिक्षा भोगत बाहेर होता. तेव्हा बर्जरॉन बर्फावर होता, कारण एक माणूस कमी असताना बचावाला प्रशिक्षक त्यालाच पाठवत. तिथून निसटून तो गोल झाला. बचाव येत नसता तर त्या क्षणी तो बाकावर बसला असता. म्हणजे तो गोल माझ्याच बाजूचा.

सेल्की मतांवर ठरते, कबूल. पण फेस-ऑफ मोजले जातात, आणि शेवटच्या हंगामातही तो शंभरातले साठाहून जास्त जिंकत होता. ओवेच्किनबद्दलही एक बोलतो. २०१० मध्ये त्याचा संघ वॉशिंग्टन साखळीत सगळ्यांच्या वर होता आणि बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत, सात सामन्यांच्या मालिकेत ३-१ ची आघाडी असूनही, माँट्रियालकडून हरला. पिट्सबर्गने तर त्यांना २००९, २०१६ आणि २०१७ अशा तिन्ही वेळा घरी पाठवलं. गोल तेव्हाही होत होते. गोल म्हणजेच कारकीर्द असेल तर कप यायला २०१८ का उजाडावं लागलं?

काका, धनराजबद्दल तुमच्याशी वाद घालायची माझी पात्रता नाही. पण सिडनी ऑलिंपिक २००० आठवा. पोलंडविरुद्ध आपण एका गोलाने पुढे होतो. शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी झाली आणि उपांत्य फेरी गेली. मी शाळेत होतो, घरात कोणी जेवलं नाही. त्या दोन मिनिटांत पुढच्या फळीतल्या कोणी चेंडू कोपऱ्यात दाबून धरला असता तर? बर्जरॉन म्हणजे ती दोन मिनिटं.

निशिगंधा (बाणेर)

२०१८ चा कप आला तेव्हा प्लेऑफमध्ये (साखळीनंतरच्या बाद सामन्यांत) १५ गोल मारून सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ पुरस्कार ओवेच्किननेच नेला. १२ फॉरवर्ड, सहा डिफेन्समन आणि गोली असा संघ असतो. आधीच्या पराभवांचं खापर एकट्या त्याच्यावर का?

डेक्कनचा डॉक्टर

मी हाडांचा डॉक्टर. तुम्ही सगळे बर्जरॉनचं एवढं गुणगान करताय, तर २०१३ ची फायनलही सांगा. शिकागोविरुद्ध सहाव्या सामन्यात तो मोडलेली बरगडी, फाटलेली कूर्चा आणि निखळलेला खांदा घेऊन खेळला, आणि फुप्फुसाला छिद्र पडलेलं होतं. हे ऐकून लोक टाळ्या वाजवतात, मला राग येतो. फुप्फुसाच्या त्या जखमेने माणूस दगावू शकतो. त्याच्याच संघातला मार्क सवार्ड २०१० मध्ये डोक्यावर बसलेल्या धडकेनंतर कधी पूर्ण सावरला नाही. जानेवारी २०११ मध्ये पुन्हा डोक्याला मार लागला आणि तिशीच्या सुरुवातीलाच खेळ संपला. त्याच्यावरच्या त्या धडकेनंतर लीगने आंधळ्या बाजूने डोक्यावर मारण्याविरुद्ध नियम केला.

डेरेक बूगार्डही फॉरवर्डच होता. २७७ सामने, तीन गोल. त्याचं काम मारामारीचं. २०११ मध्ये २८ व्या वर्षी गेला. बॉस्टन विद्यापीठात मेंदू तपासला तेव्हा वारंवार मार बसून होणारा सीटीई हा आजार निघाला. ओवेच्किन मोठा की बर्जरॉन, या वादात अशांच्या कारकिर्दीचा रकाना कुठे आहे? सेंटर, तू मुलांना शिकवतोस. कोपऱ्यात पकसाठी भिडणं शिकवताना मान आणि डोकं कसं वाचवायचं, हे आधी शिकव.

आर्याची आई

डॉक्टरांशी शंभर टक्के सहमत. पण सेंटर दादा, तुमच्याशी भांडण आहे. माझी मुलगी फॉरवर्ड खेळते. दुसऱ्या एका शिबिरात तिला "मागे ये, मागे ये" करून इतकं दाबलं, की आता रिकामा गोल दिसला तरी पास देते. मुलींना तसंही सगळीकडे मागे राहायलाच शिकवतात. २०२५ मध्ये आपल्या मुलींनी अमिरातीतल्या अल ऐनला आइस हॉकीच्या आशिया चषकात कांस्य जिंकलं. संघात बहुतेक लडाखच्या पोरी. ते पाहिल्यापासून ती घरी भिंतीवर शॉट मारत असते, रंग गेलाय भिंतीचा. तिने आधी हावरटासारखे गोल मारावेत असं मला वाटतं. बचाव नंतर शिकेल.

कोथरूडचा सेंटर

ताई, रिकाम्या गोलसमोर पास देणं हा बचाव नव्हे, ती भीती आहे. ती कोणीतरी घातलीय आणि ती काढायलाच हवी. तिला रविवारी घेऊन या. अर्धा तास नुसते शॉट मारू दे.

डॉक्टर, मान-डोक्याचं दर सत्राच्या सुरुवातीला घेतो. भिंतीकडे पाठ असलेल्याला मागून ढकललं तर ते पोर त्या दिवशी परत खेळत नाही, मग ते कितीही गोल मारणारं असो. २००७ मध्ये खुद्द बर्जरॉनला तसंच मागून ढकललं होतं आणि त्याचा जवळजवळ आख्खा हंगाम गेला.

बक्षिसाबद्दल मात्र माझं मत कायम आहे. पुढच्या स्पर्धेच्या आयोजकांना पत्र लिहितोय, सर्वाधिक गोलांचं बक्षीस बंद करा म्हणून.

खडकीकर

लिही पत्र. मी उलट पत्र लिहिणार. बचावाचं दुसरं बक्षीस ठेवा, खुशाल ठेवा, पण गोलाचं काढू नका.

आणि पोलंडचं म्हणशील तर तो सामना मला तुझ्यापेक्षा जास्त टोचतो. शेवटची दोन मिनिटं कशी काढायची याचा विचार तू करतोस. मी त्याआधीच्या ६८ मिनिटांचा करतो. तेवढ्या वेळात आपण दुसरा गोल का मारला नाही? २-० असतं तर त्यांच्या एका गोलाने काय बिघडलं असतं?